सेमाडोह, कापूस आणि समोरच्याची चाल



बऱ्याच दिवसांनी वीकांताला निवांत लिहायला बसलोय. विषय तसा ऑफिसातला आहे, पण सुरुवात जंगलातून करतो.

गेल्या मे महिन्यात दोन दिवस सेमाडोहला जाऊन आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेळघाटच्या पोटात, सिपना नदीकाठी हे छोटंसं गाव आहे. कोरकू लोकांचा मुलूख. सोबत माझा चुलतभाऊ होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. अकोटकडे त्याची बारा एकर कास्तकारी आहे. घाट चढायला लागलो तशी दोघांच्याही फोनची रेंज गेली. मला हायसं वाटलं आणि दादा अस्वस्थ झाला. कारण पेरणी तोंडावर आलेली आणि रोजचे भाव तो फोनवरच बघतो.

संध्याकाळी वनखात्याच्या कॉटेजबाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठीच तो माझ्यासोबत आला होता असं मला आता वाटतं.

"तू त् कॉम्प्युटरवाला हायेस ना बे. मंग सांग बरं, औंदा पऱ्हाटी लावू का सोयाबीन?"

मी हसलो. तो हसला नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांची पातळी ओलांडली होती. दादाने त्या वर्षी सुरुवातीलाच माल विकून टाकला होता आणि नंतर हळहळला. म्हणून पुढच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, त्याने कापूस विकलाच नाही. घरातल्या दोन खोल्या छतापर्यंत भरून ठेवल्या. त्याच्यासारखा विचार हजारो कास्तकारांनी केला होता. दहाची वाट बघता बघता उन्हाळा लागला, घरातल्या पोरांना कापसातल्या किड्यांनी खाज सुटली, आणि शेवटी सगळा माल सातच्या आसपास गेला. सोयाबीनचंही तेच. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव दहा हजारांवर गेला. त्याच महिन्यात सरकारने सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता.

म्हणजे दादाचा प्रश्न पिकाचा नव्हताच. बाजार पुढे कुठे वळेल आणि समोरचा काय करेल, हे आधी कसं ओळखायचं, हा प्रश्न होता. आमच्या ऑफिसात याच प्रश्नावर दर तिमाहीला एक मीटिंग होते, स्लाइड्स होतात आणि चहा-बिस्किटं संपतात. :)

दुसऱ्या दिवशी पहाटे सफारीला गेलो. गाइड एक कोरकू तरुण होता. एका वळणावर वानराने खेकसल्यासारखा आवाज काढला. मी लगेच कॅमेरा काढला. तो म्हणाला, "साहेब, एका वानराचं काही खरं नाही. ते उगाच पण ओरडते. सांबर ओरडलं की मग थांबू." सांबर ओरडलं नाही, वाघ दिसला नाही. पण परतताना डोक्यात एक जुनी गोष्ट घोळायला लागली. ती आमच्याच वऱ्हाडची आहे आणि दादाच्या प्रश्नाला अगदी लागू पडते. रात्री त्याला ती सांगितली, आता तुम्हाला सांगतो.

ज्यांनी वऱ्हाड मोजलाच नाही

१८६० साल धरा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या जगाला कापड पुरवत होत्या आणि त्यांचा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून, गुलामांच्या कष्टावर पिकून येत होता. दक्षिणेतल्या मळेवाल्यांची पक्की समजूत होती की कापूस हाच राजा आहे. आपण कापूस थांबवला तर इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील, मजूर रस्त्यावर येतील आणि इंग्रज सरकार मुकाट्याने आपल्या बाजूने उभं राहील.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखायला सुरुवात केली, पण ती नाकेबंदी सुरुवातीला अगदीच विरळ होती. कापूस बाहेर काढता आला असता. तरी दक्षिणेने पहिल्या वर्षी आपण होऊनच तो अडवून धरला. म्हणजे हातातलं सगळ्यात मोठं हत्यार त्यांनी सगळ्यात आधी वापरलं.

त्यांचं गणित दोन ठिकाणी चुकलं. एक तर आधीच्या हंगामांत अमेरिकेत उदंड पीक आलं होतं आणि लिव्हरपूलची गोदामं भरलेली होती, त्यामुळे टंचाई जाणवायलाच वेळ लागला. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक इतके दिवस आपल्याकडे येतं, याचा अर्थ त्याला दुसरं दुकान माहीत नाही असा त्यांनी काढला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५७ मध्येच कापूस पुरवठ्यासाठी एक संघटना काढली होती. एकाच देशावर अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हे त्यांना दिसत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममधला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' त्यांनी वेळेवर हेरला होता. इजिप्त आणि हिंदुस्थान हे दोन पर्याय त्यांच्या कागदावर होते. हिंदुस्थानात गुजरात होतं, धारवाड होतं आणि आपलं वऱ्हाड होतं.

निजामाच्या डोक्यावर इंग्रजी फौजेच्या खर्चाचं कर्ज झालं होतं. त्यापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं होतं. काळी, कसदार जमीन, पण माल बाहेर काढायला रस्ता नाही. आधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. वाटेत पावसाने भिजायचा, मातीने मळायचा. अशा मालाला कोण भीक घालणार?

युद्धाने सगळं बदललं. लिव्हरपूलला अमेरिकी कापूस पौंडाला सात-आठ पेन्सांवरून १८६४ पर्यंत पंचवीसच्या वर गेला. इकडून इंग्लंडला जाणारा कापूस १८६० च्या दुपटीहून जास्त झाला. रेल्वेचं काम जोरात सुरू झालं आणि १८६७ मध्ये ती वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. दक्षिणेच्या मळेवाल्यांनी ज्याचं नावही कधी ऐकलं नसेल असा इथला कास्तकार त्यांचा प्रतिस्पर्धी झाला.

दादा म्हणाला, "म्हंजे आपल्या खापरपणज्याची चांदी झाली म्हन."

झाली. थोडे दिवस.

सगळ्यात आधी बातमी

खरी चांदी झाली मुंबईची. युद्धाच्या काळात नेहमीपेक्षा आठ कोटी पौंडांच्या आसपास जास्त पैसा मुंबईत आला, असा त्या वेळचा हिशोब सांगतात. या खेळाचे बादशहा होते प्रेमचंद रायचंद. बोटीने येणाऱ्या डाकेतून लिव्हरपूलचे भाव कळत. ती बोट बंदराला लागायच्या आधीच प्रेमचंदांची माणसं होड्या घेऊन समुद्रात तिला गाठत आणि भाव काढून आणत, अशी गोष्ट सांगितली जाते. बाकीचे व्यापारी धक्क्यावर उभे असताना इकडे सौदे होऊन गेलेले असत. लेटन्सी कमी करण्यासाठी सर्व्हर एक्स्चेंजच्या शेजारी ठेवणारे आजचे ट्रेडर यापेक्षा वेगळं काय करतात?

पण मग हा पैसा ठेवायचा कुठे? नव्या बँका निघाल्या, फायनान्स कंपन्या निघाल्या, समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या बॅक बे कंपनीचा शेअर दहापटीपर्यंत चढला. प्रत्यक्ष जमीन नंतर, आधी तिचा शेअर! लोक उधारीवर शेअर घेत होते आणि तेच शेअर तारण ठेवून आणखी उधार घेत होते. बँका देत होत्या.

आता गंमत बघा. ही सगळी तेजी एकाच खांबावर उभी होती आणि तो खांब म्हणजे दुसऱ्याच्या देशातलं युद्ध. ते कधीतरी संपणार हे काही गुपित नव्हतं. अमेरिकेच्या बातम्या रोज छापून येत होत्या. १८६५ च्या सुरुवातीला तर इराणच्या आखातातून हिंदुस्थान-युरोप तारही सुरू झाली. ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा उधारीच्या सौद्यांचा हिशोब चुकता करायचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईत कोणालाच कोणाचं देणं देता येईना. पेढ्या बुडाल्या, बँका बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत.

माझ्या मते ही या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. ज्या माणसाला बातमी सगळ्यात आधी कळायची, तोही बुडाला. बातमी वेळेवर मिळाली, पण हलायला जागा नव्हती. उधारीवर एकाच दिशेने सगळं लावून बसल्यावर सांबर ओरडलेलं ऐकू आलं तरी पळणार कुठे?

(प्रेमचंद नंतर सावरले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव आहे. असो.)

नागपूरची गिरणी

याच पडझडीत एक तरुण लंडनमध्ये अडकला होता. जमशेटजी टाटा, वय पंचवीस-सव्वीस. तिथे बँक काढायला म्हणून गेले होते, आणि हातात उरली कवडीमोल झालेली कापसाची बिलं. त्यांनी देणेकऱ्यांपुढे हिशोब उघडा मांडला. त्या लोकांनी मग निस्तरायचं काम त्यांच्याकडेच दिलं.

हा माणूस पुढे कापसापासून लांब पळाला नाही. त्यांनी प्रश्न मात्र बदलला. कापसाचा उद्याचा भाव काय असेल हे विचारण्याऐवजी, भाव काहीही असला तरी टिकेल असा धंदा कुठे उभा राहील, हे ते शोधायला लागले. चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन, तिची कापड गिरणी करून त्यांनी ती विकली. मग मँचेस्टरला जाऊन लँकेशायरच्या गिरण्या बघितल्या. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली आणि जागा निवडली नागपूर.

त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई हे समीकरण होतं. पण नागपूरच्या आसपास कापूस होता, वरोऱ्याचा कोळसा होता, रेल्वे आली होती आणि कापडाला गिऱ्हाईक दारात होतं. कापूस शेकडो मैल लांब नेऊन त्याचंच कापड परत आणायचं, हा हेलपाटाच वाचत होता. नागपूरच्या एका सावकाराने म्हणे पैसे द्यायला नकार दिला होता. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं त्याचं म्हणणं होतं. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. पुढे त्यांनी तिथे सूतकताईची नवी रिंग पद्धतीची यंत्रं फार लवकर आणून बसवली. लँकेशायर मात्र आपल्या जुन्या यंत्रांना बरीच वर्षं धरून बसलं.

मग जमशेटजींचे सगळे अंदाज बरोबर आले का? अजिबात नाही. १८९३ मध्ये त्यांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी करार करून पूर्वेकडे माल नेणाऱ्या आगबोटी सुरू केल्या. कारण इंग्रजांची पी अँड ओ कंपनी भाडं अवाच्या सवा घ्यायची. पी अँड ओने काय केलं असेल? भाडं एवढं पाडलं की माल जवळपास फुकट नेण्याची वेळ आली. गिऱ्हाईकं तिकडे पळाली आणि टाटांना आपल्या बोटी बंद कराव्या लागल्या. समोरच्याचे खिसे किती खोल आहेत हे मोजण्यात ते चुकले. पण या फटक्याने ते बुडाले नाहीत. १८६५ ला सगळंच पणाला लागलं होतं, १८९३ ला लागलेलं नव्हतं. दोन्ही वेळा अंदाज चुकला, फरक तेवढाच.

हे वाचताना मला माझी आधीची एक कंपनी आठवते. नाव नको. आम्ही एक सॉफ्टवेअर बनवत होतो. बडा प्रतिस्पर्धी हेच फुकट देऊ शकतो, हे आमच्या स्लाइडवर चक्क लिहिलेलं होतं, 'शक्यता कमी' असा शेरा मारून. ती स्लाइड मीच केली होती. चार महिन्यांत त्याने ते फुकट दिलं. आम्ही बारा जण त्या एकाच गोष्टीवर होतो, दुसरं काहीच तयार नव्हतं. अंदाज बरोबर होता की हो! त्याचं करायचं काय हे कोणी ठरवलंच नव्हतं.

आणि कास्तकार?

युद्ध संपल्यावर लँकेशायरची पावलं पुन्हा अमेरिकेकडे वळली. आपला कापूस आखूड धाग्याचा आणि कचऱ्याचा. लँकेशायरचे मजूर म्हणे, देवा कापूस दे पण सुरती नको, अशी प्रार्थना करायचे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले, कापूस बाजारासाठी टाकलेल्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन झालं. पण तेजीची वर्षं तोवर मागे पडली होती. पुढे वऱ्हाडचा कापूस युरोपातल्या इतर देशांत आणि नंतर जपानला जायला लागला. बाजार मेला नाही, पण भाव ठरवणारं टोक लांब गेलं.

कास्तकाराला मागे फिरता आलं नाही. सारा नगदी भरायचा होता, सावकाराचं कर्ज तेजीच्या भावाने काढलेलं होतं, आणि ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली होती. धान्य आता विकत घ्यायचं होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात माणसं मेली. रेल्वे होती, बाजारात धान्यही येत होतं. ते विकत घ्यायला हातात पैसा नव्हता.

मुंबईचा व्यापारी चुकला तर दिवाळं काढत होता आणि पाच वर्षांनी नवी पेढी टाकत होता. इथे चुकीची किंमत पोटाने मोजावी लागली. त्या कास्तकाराला अक्कल नव्हती असं कोणी म्हणू नये. भाव चढल्यावर पऱ्हाटी वाढवणं शहाणपणाचंच होतं. चुकलं तर सावरायला काही शिल्लक ठेवायची सोय मात्र त्याला कोणी ठेवली नाही.

तर दादाला काय सांगितलं

रात्र बरीच झाली होती. मी त्याला म्हटलं, दादा, भाव काय होईल हे मला माहीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, ते पेरणीच्या आधी कोणी सांगू शकलं असतं का? पण तीन गोष्टी आपण विचारू शकतो. माझा माल घेणाऱ्याला दुसरं दुकान आहे का? दक्षिणेच्या मळेवाल्यांनी हे विचारलं नाही. आज दिसणारी तेजी नेमकी कशामुळे आहे आणि ते कारण कधी संपेल? मुंबईने हे विचारलं नाही. आणि तिसरं, माझा अंदाज साफ चुकला तर पुढच्या मृगाला बियाणं घ्यायला पैसे असतील का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली तरी तिसऱ्याचं चुकता कामा नये.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे तुले बी मालूम नाई."

"नाही."

"मंग येवढं लेक्चर काहाले देल्लं बे?"

शेजारी गाइड बसला होता, तो जोरात हसला. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे काय पेरता? म्हणाला, मका, ज्वारी, थोडी कुटकी, तूर, आता सोयाबीन पण. "एक गेलं तर दुसरं ऱ्हाते." लगेच पुढे म्हणाला, "आणि सगळंच गेलं तर बाहेर कामाला जातो." हे दुसरं वाक्य मुद्दाम लिहितोय, नाहीतर पहिल्या वाक्याची उगाच सुंदर गोष्ट होते.

सकाळी निघालो. घाट उतरून परतवाडा जवळ आलं तशी रेंज आली आणि दोघांचे फोन एकदम किणकिणायला लागले. माझ्यावर ऑफिसचे चाळीस मेल. दादाने भाव बघितला, फोन खिशात टाकला आणि हिशोब सांगायला लागला. सात एकर पऱ्हाटी, तिच्यात तुरीच्या ओळी, तीन एकर सोयाबीन, दोन एकर घरची ज्वारी. कापूस आला की एक तृतीयांश लगेच विकायचा आणि त्यातून आधी कृषी केंद्राची उधारी चुकवायची. उरलेला थांबवायचा, पण संक्रांतीपर्यंतच. दहाचा भाव येवो न येवो.

"आन् घरात एकच खोली भरीन," तो म्हणाला. "तुई वयनी आयकनार नाई नायतर."

परतवाड्याला चहा प्यायला थांबलो आणि मी ऑफिसच्या पुढच्या मीटिंगची स्लाइड उघडली. 'शक्यता कमी' हा शेरा खोडला आणि शेजारी एक नवा रकाना टाकला: झालंच तर कोण काय करेल. अजून रिकामाच आहे. सोमवारी भरायचा आहे.